‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी

चिपळुणात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘दादा, व्हायरस आलाय, फॉरमॅट मारून द्या.’ म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. मशीन उघडावं तर कधी रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या मेमरीच्या, पट्टीला ओल धरलेली, कधी हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजत असलेली, कधी पंख्याभोवती धुळीचं कांबळं गुंडाळलेलं. व्हायरस असतोही, नाही असं नाही, पण त्याचा नंबर बराच मागे लागतो. यातल्या बऱ्याच दुखण्यांवर फॉरमॅट चालत नाही. डेटा तेवढा हमखास जातो. मरायला टेकलेल्या डिस्कवर फॉरमॅट मारला की मशीन काही दिवस बरं चालल्यासारखं वाटतं, मग डिस्क कायमची बसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, पुन्हा व्हायरस आला.

म्हणून ज्यांनी नुकतंच मशीन घेतलंय, किंवा घरात एकच कॉम्प्युटर आहे आणि त्यावरच सगळ्यांचं काम चालतं, त्यांच्यासाठी तपासण्याचा क्रम सांगतो: वीज, धूळ आणि ओल, डिस्क, विंडोज, आणि सगळ्यात शेवटी व्हायरस.

लक्षण नीट बघा

‘चालू होत नाही’ या एका तक्रारीत निरनिराळे आजार लपलेले असतात. दिवाच लागत नसेल तर वीज, चार्जर किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला, आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बघायचा. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, तर पहिला संशय रॅमवर. कंपनीचं नाव येऊन मशीन तिथेच अडकत असेल तर आधी लावलेला पेनड्राइव्ह काढून बघा. तरी अडकलं तर डिस्क. विंडोज उघडतं, काम सुरू होतं आणि थोड्या वेळाने पट्कन बंद पडतं, तर मशीन गरम होतंय. एवढं बघून आलात तर दुरुस्तीवाल्याचं अर्धं काम झालं. पडद्यावर निळा मेसेज येत असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो काढा. ‘इंग्रजीत काहीतरी आलं होतं’ यावरून काही कळत नाही.

वीज

आपल्याकडे मशीनं बिघडण्यामागे विजेचा हात मोठा. डेस्कटॉप चालू होत नसेल तर पहिल्यांदा यूपीएस बाजूला करा आणि वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. चालू झालं तर दोष यूपीएसचा. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. बदलली की यूपीएस पुन्हा कामाचा. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसला लहान बटण असतं, झाडलोट करताना ते बंद होतं आणि अख्खं घर घाबरतं. तेही बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, सोडा, चार्जर लावा, मग चालू करा. अडकलेला लॅपटॉप यावर बऱ्याचदा उठतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडू नका. घराचं अर्थिंग धड नाही, किंवा तीन पिनांची वायर दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कोंबलेली आहे. इथे कॉम्प्युटरवाला नको, इलेक्ट्रिशियन बोलवा. नवं मशीन घेण्यापूर्वी हे काम झालेलं बरं.

यूपीएसवर फक्त कॅबिनेट, मॉनिटर आणि राउटर. लेझर प्रिंटर कधीही लावायचा नाही. त्यातला तापणारा रोलर एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस कोलमडतो.

मे अखेरीला आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून बाहेर काढायची. सोबत राउटरचीही, आणि राउटरमधून मशीनला जाणारी लॅनची वायरसुद्धा. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, लॅनचा भाग जळालेली मशीनं पावसाळ्याच्या तोंडावर ओळीने येतात. विजेची पिन काढलेली असते, ही वायर तशीच राहिलेली असते.

धूळ, ओल आणि पाली

डेस्कटॉप वर्षातून दोनदा उघडून साफ करावा: पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या साफसफाईत. घरी करण्यासारखं काम आहे. मशीन बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून सोडा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचं झाकण उघडा. हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावा. मग रंगाच्या कोरड्या, मऊ ब्रशने धूळ सैल करा आणि ब्लोअरने उडवा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं. ओलं फडकं, घरचा व्हॅक्यूम क्लीनर आणि आगाऊ मुलं या तिन्ही गोष्टी लांब ठेवा. प्रोसेसरवरचा पंखा उचकटू नका. त्याच्याखाली थर्मल पेस्ट असते, एकदा सुटली की नवी लावावी लागते. एसएमपीएसचा डबा तर स्क्रू दिसले तरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतकी वीज राहू शकते.

पडदा काळा राहत असेल तर याच वेळी रॅम काढून बघा. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबल्या की पट्टी वर येते. सोनेरी दातांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलकं फिरवा, भुगा झटका, पट्टी पुन्हा ‘खट्’ आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. कोकणातल्या दमट हवेत या एवढ्याशा उपायाने उठलेली मशीनं मोजायची म्हटली तर वही लागेल. लॅपटॉप मात्र घरी खोलू नका. आतल्या चपट्या वायरी चुकीच्या बाजूने ओढल्या की तुटतात.

मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की मशीन दर वेळी जुनीच तारीख दाखवतं. तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी साइट उघडताना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा येतो, कारण साइटच्या प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेशी जुळत नाही. लोक याला व्हायरस समजून मशीन घेऊन येतात. किरकोळ किमतीचा सेल, दोन मिनिटांचं काम. कोणी यासाठी फॉरमॅटचे पैसे मागितले तर मशीन उचलून घरी घेऊन या.

पावसाळ्यात मशीन महिनाभर बंद ठेवू नये. एक-दोन दिवसांआड तासभर चालू ठेवलं की आतल्या उबेने ओल टिकत नाही. कॅबिनेटच्या मागची मोकळी फट टेप लावून किंवा पत्र्याची पट्टी बसवून बुजवा, नाहीतर पाल उबेला आत शिरते आणि एसएमपीएसमध्ये शॉर्ट होऊन स्वतःही जाते, मशीनही नेते. हवा जायची जाळी मात्र बुजवू नका.

पुराचं वेगळं सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा दुकानांतली, शाळांमधली, दवाखान्यांतली मशीनं पाण्याखाली गेली. अशा वेळी मशीन वाळवून ‘चालू होतंय का बघू’ म्हणून बटण दाबायचं नाही. मदरबोर्ड पुन्हा मिळतो. हार्डडिस्कमध्ये गढूळ पाणी गेलं असेल तर उन्हात वाळवल्याने गाळ आतल्या तबकड्यांवर चिकटून बसतो. डिस्क तशीच ओलसर, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी. आत हिशेब असतील तरच हा खर्च करा, कारण तो भारी असतो.

मशीन हँग होतंय

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरीचा आकडा सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. आजच्या विंडोजला ४ जीबी रॅम म्हणजे नुसती फरफट, ८ जीबी हवीच. काही न करता डिस्कचा आकडा शंभरावर चिकटून राहिला तर डिस्क तरी जुन्या पद्धतीची संथ आहे, किंवा मरतेय.

मरतेय की नाही हे क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर सांगतं. निळा रंग म्हणजे ठीक. पिवळा रंग आणि ‘कॉशन’, किंवा लाल आणि ‘बॅड’ दिसलं तर दुसरं काहीही करण्याआधी डेटा बाहेर काढा. इथे एक चूक सर्रास होते: यूट्यूबवर बघून लोक डिस्क तपासून दुरुस्त करणारी चेकडिस्कची कमांड चालवतात. आजारी डिस्कवर ती तासन्‌तास घासत राहते आणि जे वाचलं असतं तेही जातं. डिस्कमधून टिक-टिक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. आवाज करणारी डिस्क जितका वेळ चालू, तितका डेटा कमी.

डिस्क ठणठणीत आहे पण मशीन गोगलगाय झालंय, तर एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली वेगवान डिस्क) टाका. जुन्या लॅपटॉपवर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च हाच. साधारण २०१२ नंतरच्या बहुतेक मशीनांत अडीच इंची साटा एसएसडी बसते. नव्यांत पट्टीसारखी एनव्हीएमई असते. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून घेण्याआधी मॉडेल नंबर दाखवा. निघालेली जुनी हार्डडिस्क चांगली असेल तर ती दुकानात सोडू नका. यूएसबी केसिंगमध्ये घालून घ्या, बॅकअपला होते.

बॅकअप म्हणजे नक्की काय काय

‘डेस्कटॉपवरचं सगळं घ्या’ असं सांगून लोक जातात आणि मग आठवड्याने फोन येतो, टॅली कुठाय? म्हणून यादी तुम्हीच करून द्या. टॅलीचा डेटा फोल्डर, तो कुठल्या ड्राइव्हवर आहे ते टॅलीतच दिसतं. डीटीपीचं काम असेल तर श्रीलिपी आणि इतर जुने मराठी फॉन्ट, कारण ते नसतील तर लग्नपत्रिकांच्या फायली उघडतील पण अक्षरांच्या जागी भलतंच दिसेल. आउटलुकचे मेल. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड. सेवा केंद्रवाल्यांनी बोटांचा ठसा घेणाऱ्या यंत्राचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर कुठून टाकलं होतं ते लिहून ठेवावं. जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरची सीडी सांभाळा.

एरवीही दर आठवड्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि महत्त्वाच्या फायली गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर ठेवा. बाहेरची डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात. कायम जोडलेली असेल तर खंडणीचा व्हायरस तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतो आणि सोडवायला पैसे मागतो.

विंडोजचं वय

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा देऊ केली, पण त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. ‘जुगाड करून ११ टाकून देतो’ म्हणणारे आहेत. मी टाकत नाही, पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कोण देणार? मशीन जुनं असेल आणि काम फक्त ब्राउझर, मेल, व्हिडिओ एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, मराठी टायपिंग होतं. टॅली आणि श्रीलिपीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

अपडेटचा कंटाळा करणाऱ्यांसाठी एकच दाखला: मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला, आणि ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं.

आता व्हायरस

उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ असे चौकोन सारखे येत असतील तर बहुतेकदा तो व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटवर ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, आणि ओळखीच्या नसलेल्या सगळ्या साइट काढून टाका. दुखणं संपलं. अख्खा पडदा लाल होऊन भोंगा वाजला आणि खाली फोन नंबर दिसला तर त्या नंबरावर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका.

पेनड्राइव्हची गोष्ट निराळी. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, हा अजूनही रोजचा प्रकार. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केलंत तर व्हायरस तुमच्या मशीनमध्ये उतरतो, आणि घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट केलात तर फायली जातात. आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा, मग फोल्डरच्या खिडकीत वरच्या ‘व्ह्यू’मध्ये लपलेल्या फायली दाखवायची खूण करा आणि आपल्या फायली उचलून घ्या. तरी दिसल्या नाहीत तर दुकानात आणा. प्रिंटसाठी पीडीएफ करून मेलने पाठवलं तर ही भानगडच नको. आणखी एक खूण तिथेच करून ठेवा: फाइलच्या नावापुढची अक्षरं दिसू देत. ‘बिल पीडीएफ’ वाटणाऱ्या फाइलच्या शेवटी ईएक्सई आहे, हे मग डोळ्यांना दिसतं.

अँटिव्हायरस कुठला, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. घरच्या वापराला विंडोजमधलाच डिफेंडर पुरतो, फक्त तो चालू हवा. विकतचा घ्यायचा तर एकच घ्या. दोन एकत्र टाकले की एकमेकांच्या पायात पाय घालतात. नव्या लॅपटॉपबरोबर आलेल्या चाचणी अँटिव्हायरसची मुदत संपली की तो काढून टाका आणि डिफेंडर चालू झालाय याची खात्री करा. दुरुस्तीच्या धंद्याचं आणि अँटिव्हायरसचं आपल्याकडे जुनं नातं आहे, बरं का. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांमधले व्हायरस काढायला त्यांचे भाऊ संजय यांनी प्रोग्राम लिहिले, आणि १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आला.

पण कुठलाही अँटिव्हायरस क्रॅकपुढे, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवणाऱ्या चोरट्या प्रोग्रामपुढे, हात टेकतो. क्रॅक टाकताना तो मागतो काय? ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ चोराने कुत्रा बांधायला सांगावं आणि आपण बांधावा. फायली कुलूपबंद करणाऱ्या खंडणीच्या व्हायरसांतलं स्टॉप नावाचं कुटुंब पसरलं ते मुख्यतः अशाच क्रॅकमधून.

खरोखरच फायलींची नावं बदलली, उघडेनात आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर पहिल्यांदा नेट तोडा आणि बाहेरची डिस्क काढा. पैसे भरू नका, कुलूपबंद फायली पुसूही नका. नो मोअर रॅन्सम या साइटवर काही प्रकारांच्या चाव्या फुकट मिळतात. २०१६ मध्ये युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत ती सुरू केली. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही साफसफाईची मोफत साधनं आहेत. डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ असतो, तो विंडोज उघडण्याआधी तपासतो म्हणून चिवट व्हायरस त्याला सापडतो. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून.

आणि वीजबिल थकलंय, केवायसी संपलंय म्हणत कोणी एनीडेस्क (लांबून तुमचा पडदा बघू आणि चालवू देणारं ॲप) टाकायला लावलं तर तो व्हायरस नव्हे, दरोडा आहे. पैसे गेले तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुकानात देताना

पावती घ्या, तिच्यावर सीरियल नंबर आणि ‘डेटा ठेवायचा’ की ‘डेटा नको’ हे लिहून घ्या. लॅपटॉपबरोबर चार्जर द्या, बॅग नको. खर्चाचा अंदाज आधी विचारा आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. चांगला दुकानदार यावर रागावत नाही. जीमेल, बँक यांतून साइन आउट करा, खासगी फोटो शक्य असेल तर आधी काढून घ्या.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारा बिटलॉकर बऱ्याचदा आपोआप चालू असतो. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) अपडेट झालं की तो ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, डिव्हाइसच्या पानावर असते. मशीन देण्याआधी ती काढून कागदावर लिहा. ती नसेल तर तुमच्या फायली कोणीही उघडू शकत नाही, आम्हीही नाही.

विंडोज नव्याने टाकावंच लागलं तर सांगा, माझ्या लॅपटॉपसोबत आलेलंच टाका. बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपची किल्ली मदरबोर्डमध्येच असते. होमच्या जागी होम टाकलं की नेट लागल्यावर ते आपोआप चालू होतं. क्रॅक केलेलं ‘प्रो’ फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. घरी आल्यावर सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन इथे जाऊन ‘डिजिटल लायसन्स’ हे शब्द दिसतात का बघा.

टचपॅड वर आलाय किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग थांबवा, दाबू नका, टोचू नका, आणि त्याच दिवशी घेऊन या. काढलेली बॅटरी नगरपालिकेच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. जुनं मशीन विकताना डिस्क काढून ठेवा. ते जमत नसेल तर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये सगळं काढून टाकण्याबरोबर ड्राइव्ह साफ करण्याचा पर्यायही निवडा, त्याला काही तास लागतात, चार्जर लावून ठेवा.